मुठीच्या आतली रेघ

मी एक मूठ बोलतेय. विळ्याची नाही, कुऱ्हाडीची नाही, रिव्हॉल्वरची. दचकू नका, मी आजवर कोणाचा जीव घेतलेला नाही. माझ्या साऱ्या जन्मात मी चार-पाचशे पुठ्ठे, रॉकेलचे काही रिकामे डबे आणि चुकून एक भोपळा एवढंच फोडलं आहे. भोपळा आमच्या मालकीणबाईंच्या, तानाबाईंच्या, वेलावरचा होता, आणि त्यापायी घरात दोन दिवस अबोला होता.

मी म्हणजे खरं तर आम्ही दोघी, एक डावी आणि एक उजवी. मधे लोखंडाचा सांगाडा, दोन्ही अंगांनी आम्ही, आणि आरपार एक स्क्रू. पण एकाच लाकडातून निघालो, एकाच हाताने घडलो, म्हणून मी आपलं 'मी'च म्हणते. कारखान्यातून येणारी मूठ बारीक असते. मी जाड आहे, खाली रुंद आहे आणि अंगठा टेकवायला मला एक पायरी आहे. नेम धरून पुठ्ठ्यावर मारायचा जो खेळ असतो, त्यासाठीच मला केलं.

कोणी केलं, याचीच ही गोष्ट. ती मला पहिल्यापासून ठाऊक होती, पण मला विचारतो कोण?

माझा जन्म नेरजवळच्या एका बंजारा तांड्यावर झाला, बेचाळीसच्या धामधुमीनंतर दोन वर्षांनी. त्याआधी मी तिवसाच्या चिवट लाकडाचं एक जुनं जू होते. बैलांच्या मानेवर बसून बसून गुळगुळीत झालेलं, एका टोकाला फुटलेलं आणि चुलीत जाण्याच्या बेतात असलेलं. नेमसिंगने मला सरपणातून ओढून काढलं.

नेमसिंगचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. पुढे रेल्वे आली, लदेणीचे बैल गेले, तांडा शेतीला लागला. पण त्या बैलांच्या पाठीवर घालायची लाकडी पालाणं याच्या घरात होत असत, ते कसब याच्या हातात राहिलं. पोटासाठी तो यवतमाळला रेल्वेच्या यार्डात स्लीपर तासायला जायचा. तिथला गोरा इंजिनियर रोज संध्याकाळी बंगल्यामागे डबे मांडून नेमबाजी करायचा. साहेबाचा पंजा मोठा, मूठ बारीक, त्यामुळे गोळी सारखी डावीकडे जायची. नेमसिंगने चार दिवस हे लांबून पाहिलं, आणि पाचव्या दिवशी रानातल्या मधाच्या पोळ्याच्या मेणाचा गोळा साहेबापुढे धरून खुणेनेच सांगितलं, हा दाबा. साहेबाने दाबला. त्या मेणात उमटलेला हात घेऊन नेमसिंग घरी आला.

त्याच्या बायकोला, सुखीबाईला, हे काही रुचलं नाही. ती दोघं आपसांत गोरबोली बोलत, तुम्हाला कळावं म्हणून मी वऱ्हाडीत सांगते.

"बंदुकीचं काम कायले घेतलं? आपल्याले येते का ते?" ती म्हणाली.

"पालाण बैलाच्या पाठीले टोचलं नाही पाह्यजे, एवढंच तं आपलं काम," नेमसिंग म्हणाला. "हात तं त्याहून सोपा. बैल सांगत नाही कुठं टोचते, साहेब सांगीन."

त्याने आधी बाहेरचा आकार काढला, मग लोखंडावर बसायला मला आतून कोरायला घेतलं. त्याच्याजवळ गोल पटाशी एकच, धार अशी की नुसती टेकवली तरी लाकूड उचलायची. डाव्या फळीचं अर्धं काम झालं आणि पटाशी कर्रकन अडली. जुवाच्या पोटात एक जुना खिळा मोडून राहिला होता. पटाशीच्या धारेला खांडा पडला. नेमसिंगने त्या खिळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, खिळा चिमट्याने उपसला आणि त्याच खांडा पडलेल्या पटाशीने काम पुरं केलं. घासत बसायला वेळ नव्हता, उजाडताच यार्डात हजर व्हायचं होतं. मग जवसाचं तेल पाजून पाजून त्याने मला असं चकचकवलं की सुखीबाईसुद्धा हात फिरवून पाहू लागली.

साहेबाच्या हातात मी गेले आणि डबे पटापट पडू लागले. साहेब खूश झाला. त्याने नेमसिंगच्या पाठीवर थाप मारली, एक जुना कोट दिला, पण नाव काही विचारलं नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या वर्षी साहेब बोटीने घरी गेला. जाताना त्याने रिव्हॉल्वर यवतमाळच्या सदाशिवराव वकिलांना विकलं. वकीलसाहेबांचा हात साहेबाएवढा नव्हता, पण बोटं लांब होती, मी त्यांना बसले. "जगात यापेक्षा चांगली मूठ तुम्हाला मिळणार नाही," असं साहेब इंग्रजीत म्हणाला. कोणी केली हे त्याने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. इतकी चांगली म्हणजे विलायतीच असणार, हे वकीलसाहेबांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं. कोर्टात साक्षीदाराला उलटेपालटे शंभर प्रश्न विचारणारा माणूस, पण मला त्यांनी अकरा वर्षांत एकदाही उलटं करून पाहिलं नाही.

दर रविवारी गावाबाहेरच्या त्यांच्या शेतात बांधावर पुठ्ठा लागायचा. पाहुणा आला की मला पुढे केलं जायचं. "लंडनचं काम आहे," वकीलसाहेब म्हणायचे. "ही अंगठ्याची पायरी पाहा. आपल्याकडचा सुतार मेला तरी असं करणार नाही." पाहुणे माना डोलवायचे. मला गंमत वाटायची, रागही यायचा, आणि खरं सांगते, थोडं गोडही वाटायचं. विलायती म्हणवून घ्यायला कोणाला आवडत नाही? माझ्या हातून घडलेलं हे पाप आहे.

ते पाप एकोणसाठ साली समोर येऊन उभं राहिलं.

गावातल्या नव्या हायस्कुलात सुतारकाम शिकवायला माणूस हवा होता. सर्टिफिकेट नसलं तरी चालेल, कसब पाहिजे, असं ठरलं होतं. शाळा समितीचे अध्यक्ष आमचे वकीलसाहेब. समिती रविवारी त्यांच्याच ओसरीवर बसली, आणि सकाळची नेमबाजी आटोपून मी तिथेच टेबलावर, तेलाच्या फडक्यावर पडले होते.

नेमसिंग आत आला. पंधरा वर्षांनी पाहत होते मी त्याला. केस पिकले होते, यार्डातलं काम सुटलं होतं, गुडघे दुखत होते. मागे दाराशी सुखीबाई उभी होती. ही नोकरी मिळाली तर त्याला म्हातारपणी कोणाच्या शेतात राबावं लागणार नव्हतं, आणि हातातलं कसब हातातच मरणार नव्हतं. हे तो बोलला नाही. त्याने एवढंच सांगितलं की बैलबंड्या करतो, दारं करतो, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करतो.

"याच्यापेक्षा बारीक काम कधी केलं काय?" समितीतल्या एकाने विचारलं.

नेमसिंगची नजर माझ्यावर पडली. तो उठला, दोन पावलं पुढे आला आणि त्याने हात लांब केला. वकीलसाहेबांनी मला झटकन मागे ओढलं.

"हे मूठ म्या केली हाये जी," नेमसिंग म्हणाला.

ओसरी हसली. वकीलसाहेब हसले नाहीत, ते रागावले. "नेमसिंग, नोकरी पाह्यजे म्हणून माणसानं काहीही बोलावं काय? हे काम विलायतचं आहे."

"रेलवेच्या साहेबासाठी केलती जी. मेणात हात घेतलता त्याचा."

"पुरे," वकीलसाहेब म्हणाले. "कसब कमी असलं तर शिकता येते. पण खोटं बोलणाऱ्याच्या हाती आम्ही पोरं कशी देणार?"

नेमसिंगने पागोटं नीट केलं, सगळ्यांना राम राम घातला आणि बाहेर पडला. सुखीबाई मात्र वळून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं की स्क्रूमधून निसटावं आणि त्याच्या पायाशी जाऊन पडावं. लाकडाला नशिबाने एवढं दिलेलं नसतं.

पण वकीलसाहेबांत एक गुण होता. शंका आली की त्यांना जेवण गोड लागत नसे. हा माणूस खोटं बोलला तर मेणाची गोष्ट त्याला सुचली कशी? मंगळवारी त्यांनी मला खिशात घालून मारोतरावांच्या दुकानी नेलं. मारोतराव म्हणजे जिल्ह्यातल्या साऱ्या लायसनवाल्यांच्या बंदुका दुरुस्त करणारे कारागीर, बोलणं थोडं आणि पान फार. त्यांनी स्क्रू काढला आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा माझ्या आतल्या अंगाला उजेड लागला.

"हे मशीनचं काम नव्हे," मारोतराव भिंग लावून म्हणाले. "हातानं कोरली हाये. अन हे पाहा, डाव्या फळीत अर्ध्यातून रेघा उठल्या. पटाशीच्या धारेले खांडा होता. जिथं जिथं पटाशी फिरली, तिथं तिथं मधात एक बारीक रेघ उभी राह्यली."

स्वतःची पाठ कोणाला दिसते? मलाही तेव्हाच कळलं. तो खिळा, ती कर्रकन आलेली कळ, सगळं आठवलं. नेमसिंगची सही माझ्यातच होती आणि मी पंधरा वर्षं लोखंडाला चिकटून तीच झाकत बसले होते.

वकीलसाहेबांनी लगेच नेरला निरोप धाडला. नेमसिंग पटाशी घेऊन आला. तीच पटाशी, तिचा दांडाही तोच. मारोतरावांनी त्याच्यापुढे सागाचा तुकडा ठेवला, "कोरा." नेमसिंगने कोरलं. भिंगाखाली तुकडा धरला तर काम लोण्यासारखं गुळगुळीत, रेघेचा पत्ता नाही.

"जुळत नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"पंधरा वर्सं दगडावर घासून राह्यलो जी तिले. बोटाएवढी झिजली. खांडा राहीन कुठून?"

खरं होतं. पण खरं आणि पुरावा यांची कोर्टात नेहमी गाठ पडतेच असं नाही, हे वकीलसाहेबांनाच सगळ्यात जास्त माहीत होतं. त्यांनी सागाचा तुकडा खाली ठेवला. "तुमी म्हणता तं नसन केली," असं म्हणून नेमसिंग निघून गेला, आणि ते वाक्य मला खिळ्यापेक्षा जास्त लागलं.

तो गेल्यावर मारोतरावांनी कानस उचलली. "आतून खडबड हाये, म्हणून मूठ जराशी डुगडुगते. घासून सपाट करून देऊ काय? दोन हाताचं काम."

कानस माझ्या रेघांवर टेकलीसुद्धा. मी मनातल्या मनात नेमसिंगच्या साऱ्या देवांना हाक मारली. वकीलसाहेबांनी त्यांचा हात धरला. "राहू द्या आता. पोळा झाल्यावर पाहू." का थांबवलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन्ही फळ्या त्यांनी रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवल्या.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पहिल्या दिवशी खरे बैल मिरवतात, दुसऱ्या दिवशी लेकरांचे लाकडाचे. ज्या घरात लेकरू, त्या घरात बैल. लेकरू मोठं झालं तरी बैल कोणी फेकत नाही. वकिलांची लेक विमल कॉलेजसाठी अमरावतीला गेली होती, तरी तानाबाईंनी तिचा बैल फळीवरून काढला, ओसरीवर आणला आणि तेलाचं बोट लावून पुसायला घेतला. पाठ पुसली, शिंगं पुसली, मग पोट पुसायला बैल उलटा केला.

वकीलसाहेब समोरच चहा पीत होते. त्यांचा कप बशीत वाजला.

"तो बैल इकडे दे."

"काहून? अजून हळदकुंकू लावाचं हाये."

"दे म्हणतो ना."

बैलाच्या चारी पायांमधलं पोट गोल पटाशीने कोरून काढलं होतं, आणि प्रत्येक फटक्याच्या मधात एक बारीक उभी रेघ होती. त्यांनी खिशातून मला काढून शेजारी धरलं. भिंगाची गरजच नव्हती.

"हा बैल कोणाचा?"

"कोनाचा म्हंजे? विमलचा."

"केला कोणी?"

"माह्या माहेरचा, नेरच्या बाजारातला. विमल तीन वर्सांची होती. तो तांड्यावरचा नेमसिंग नाही काय, त्याचे बैल तं मशहूर हायेत. तुमाले ठावं नाही?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! लंडनपर्यंत गेलेली वकीलसाहेबांची बुद्धी घरातल्या फळीवर कधी गेली नव्हती. तरी वकील तो वकील, एका साक्षीवर त्यांचं भागेना. संध्याकाळी मारोतीच्या देवळापुढे साऱ्या गावाचे लाकडी बैल रांगेत लागले तेव्हा वकीलसाहेब भिंग घेऊन पोहोचले आणि एकेक बैल उचलून पोट पाहू लागले. लेकरं रडकुंडीला आली. बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. "वकीलसाहेब बैलाचं दूध काढून राह्यले," असं कोणीतरी मागून म्हणालं. यांना कशाचीच शुद्ध नव्हती. नेरच्या बाजारातला बैल निघाला की ते विचारत, "हा कोणत्या सालचा?" पंचेचाळीसच्या बैलावर रेघ ठसठशीत. अठ्ठेचाळीसच्या बैलावर बारीक. बावन्नच्या बैलावर बोट फिरवलं तरच लागावी एवढीच. छप्पनच्या बैलाचं पोट साफ. पटाशी साल दर साल कशी झिजली ते गावातल्या घराघरांत जपून ठेवलेलं होतं.

शेवटचा बैल खाली ठेवून वकीलसाहेब देवळाच्या पायरीवर बसले. "तो खोटं बोलला नव्हता," ते तानाबाईंना म्हणाले.

"मंग हे मले कायले सांगता?" तानाबाई म्हणाल्या. "ज्याले खोटा म्हटलं त्याले सांगा."

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीने आम्ही नेरला गेलो, तिथून तांड्यापर्यंत चिखल तुडवत पायी. नेमसिंग दारापुढे वखराचं लाकूड तासत होता. तो उठला आणि त्याने बाज टाकली. वकीलसाहेबांनी पाणी मागितलं. सुखीबाई तांब्या घेऊन बाहेर आली आणि तो हातातच धरून उभी राहिली.

"खोट्या माणसाच्या घरचं पानी चालन काय, वकीलसाहेब?"

आयुष्यभर दुसऱ्यांना बोलकं करणारा तो माणूस बाजेवरून उठून उभा राहिला. मग म्हणाला, "बाई, खोटा मी ठरलो. चारचौघांत बोललो होतो, चारचौघांतच परत घेईन. चुकलो मी." आणि त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मला रुमालातून काढून नेमसिंगच्या तळहातावर ठेवलं, पाठ वर करून. नेमसिंगने अंगठा फिरवला. गुळगुळीत भाग संपला, रेघ सुरू झाली, तिथे अंगठा थांबला. त्याचा चेहरा हळूहळू उलगडत गेला.

"इथं खिळा होता," तो सुखीबाईला म्हणाला. "याद हाये? त्या दिवशी म्या त्या खिळ्याले किती शिव्या देल्त्या." मग म्हणाला, "आज भेटला असता तं पाया पडलो असतो."

त्याच्या डोळ्यांतून पाणी माझ्यावर पडलं. जवसाच्या तेलानंतर मला मिळालेलं सगळ्यात मोठं सुख तेच.

समिती पुन्हा बसली, त्याच ओसरीवर. वकीलसाहेबांनी उभं राहून सगळं सांगितलं, बैलांच्या पोटासकट. कोणी हसलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर नेमसिंग शाळेत रुजू झाला आणि तांड्यावरचा नेमसिंग गावाचा नेमसिंग मास्तर झाला.

मी आणखी चार वर्षं दर रविवारी पुठ्ठे फोडले. पाहुणे अजूनही विचारत, आणि वकीलसाहेब आता "नेरचं काम आहे" असं सांगत, तेही पहिल्याच दिमाखात. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्रेसष्ट साली त्यांनी रिव्हॉल्वर पोलीस ठाण्यात जमा केलं, पण त्याआधी मला सोडवून घेतलं आणि शाळेत नेऊन दिलं.

"भिंतीवर लावा," ते म्हणाले. "पण उलटी. सुलट बाजूनं हिनं मला अकरा वर्षं फसवलं."

तेव्हापासून मी सुतारकामाच्या खोलीत, खिडकीशेजारी, पाठ बाहेर करून टांगलेली आहे. रंधा चालतो, भुसा उडतो, माझ्या अंगावर बसतो. येता-जाता नेमसिंग मास्तर धोतराच्या सोग्याने तो पुसतो.

मागच्या वर्षी शाळेने नवी गोल पटाशी आणली. मास्तरने ती हातात घेतली, धार पाहिली, आणि मग बारीक कानशीने त्या कोऱ्या धारेला मधोमध एक खांडा पाडला. वर्गातले सगळे बघतच राहिले.

"मास्तर, नवी धार काहून बिघडवून राह्यले?"

"बाहेरून काम करायले दुसरी पटाशी हाये," नेमसिंग म्हणाला. "हे आतल्या अंगासाठी. आपलं नाव कोनी विचारलं नाही तरी कामानं सांगितलं पाह्यजे."

आता माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरात फळीवर, माळ्यावर, कुठेतरी एखादा जुना लाकडी बैल पडला असेल. तो एकदा उलटा करा, पोटावरून बोट फिरवा. बारीक रेघ लागली, तर यवतमाळच्या हायस्कुलात येऊन नेमसिंग मास्तरला सांगा. आपले किती बैल अजून उभे आहेत, हे तो अधूनमधून माझ्याशी बोलत मोजत असतो, आणि दर वेळी त्याचा आकडा चुकतो. तुमच्या घरच्या बैलाने तो एकाने वाढेल. त्याला तेवढं पुरे आहे, आणि मलाही.